मोठीबाईंचं भेव

मोठीबाईंना भेव आधी लागायचं आणि त्याचं कारण त्या मागून शोधायच्या. सकाळी अंगण झाडता झाडता मध्येच थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज काहीतरी होईन व लहाने." मग दिवसभरात काहीतरी होईच, कारण घर म्हटलं की काहीतरी होतंच. दूध उतू जायचं, विहिरीवरची मोटर जळायची, नाहीतर नात्यातलं कोणीतरी पडायचं. संध्याकाळी माझ्याकडे बघून त्या म्हणायच्या, "सांगितलं होतं न मी." आणि समजा काहीच झालं नाही, तर ते उद्यावर गेलं असं त्या धरून चालायच्या.

मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. करडीजवळच्या गावात आमचं घर, धानाची शेती, दोघे भाऊ एकाच छताखाली. मी भंडाऱ्याची, भांड्यांच्या दुकानात वाढलेली. चिखलात पाय घालायचा तर चप्पल काढायची की ठेवायची, हेही मला माहीत नव्हतं. ते सगळं मला मोठीबाईंनी शिकवलं. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बांध्यांवर त्या पुढे आणि मी मागे. त्या मला नावाने कधीच हाक मारत नसत. मी त्यांची 'लहानी' होते आणि माझे केस पांढरे झाले तरी लहानीच राहिले.

त्यांचा एकुलता मुलगा वरठीच्या कारखान्यात कामाला आहे. मोटारसायकलने जातो-येतो. पोचल्यावर फोन करायचा, असा आईचा हुकूम होता. तो फोन येईपर्यंत मोठीबाईंच्या घशाखाली घोट उतरत नसे. आणि फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या. उचलायची मात्र मीच. एकदा मी वैतागून म्हटलं, "मोठीबाई, फोन नाही आला तरी तुमाले भेव, आला तरी भेव. त्या पोरानं करावं काय?" त्या जरा विचार करून म्हणाल्या, "त्यानं कायले काही करावं? तो आपलं काम करते, भेव आपलं काम करते."

हे भेव काय असतं, ते मी जवळून पाहिलंय. बोलायची गोष्ट नव्हती ती, शरीरात होणारी गोष्ट होती. हात गार पडायचे, गळ्याजवळची शीर उडताना दिसायची, ओठ कोरडे पडायचे. दोनदा-तीनदा परसाकडे जाऊन यायच्या. झोप तर इतकी हलकी की गोठ्यात बैलाने कूस बदलली तरी उठून बसतील. सुरुवातीला घरातले पाण्याचा तांब्या घेऊन धावत. मग थट्टा सुरू झाली. मग थट्टेचाही कंटाळा आला आणि कोणी काही बोलेनासं झालं. माणूस रोजच घाबरत असेल तर आसपासचे दमतात, हे खरं आहे. मीही दमत असे. पण घाबरणारा किती दमत असेल, ते कोणी विचारत नाही.

माझे भासरे, म्हणजे मोठीबाईंचे यजमान, या सगळ्याला एकच शब्द वापरत. "सोंग हाये." माणूस वाईट नव्हे. बैल आजारी पडला तर रात्रंदिवस त्याच्या मानेशी बसून राहणारा माणूस. पण बैलाची सूज डोळ्यांना दिसते आणि भेव दिसत नाही. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट भासऱ्यांच्या लेखी नव्हतीच. मोठीबाईंना त्यांच्या त्या एका शब्दाचं जेवढं लागे, तेवढं भेवाचंही लागत नसे. एकदा धान पाखडताना मला म्हणाल्या, "मरनाचं मले काही नाही व. पन मेल्यावरही हा मानूस म्हनन, सोंग करत होती. तेवढं नाही झालं पायजे."

आता भासऱ्यांची आणि माझी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, भासऱ्यांशी बोलायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही, ते ओसरीत बसले असतील तर समोरून जायचं नाही. आमच्याकडे ही रीतच. तेही घरात शिरण्याआधी खाकरायचे, म्हणजे मला आत सरकायला वेळ मिळे. सासूबाई गेल्या, पदराचं हळूहळू सुटलं, पण बोलणं काही सुरू झालं नाही. मना करणारं आता कोणीच नव्हतं. पण इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हेच दोघांनाही सुचत नसावं.

मग आमच्यातलं सगळं बोलणं मोठीबाईंच्या मार्फत चाले. भासरे भिंतीपलीकडे ताटावर बसलेले असत, मी अलीकडे तव्याशी, आणि मी म्हणे, "मोठीबाई, त्यायले विचारा, पोळी वाढू का." ते त्यांनी ऐकलेलं असेच. तरी मोठीबाई दारात जाऊन विचारत, "पोळी वाढू का म्हनते लहानी." भासरे म्हणत, "भाजीत मीठ काहून नाही टाकलं? तोंड हाये का नाही बायायले?" हे मी अक्षरन् अक्षर ऐकलेलं असे. मोठीबाई आत येऊन सांगत, "भाजी चांगली झाली म्हनते. मीठ इवलंसं लागते म्हनते."

मी हसायची. "मोठीबाई, मले ऐकू आलं ना सगळं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "आईकलं तं आईकलं. शब्द जसेच्या तसे नेले तं घर चालन का?" त्या हयातभर या दारातून त्या दारात शब्द वाहत राहिल्या आणि वाटेत प्रत्येक शब्दातले काटे काढत राहिल्या. त्यांच्यामुळेच दोन भावांचं घर एक राहिलं, असं मला आजही वाटतं.

दुसरा त्यांचा छंद म्हणजे देणं. घरी आलेलं माणूस रिकाम्या हाताने गेलं तर त्यांना ते अशुभ वाटे. कोणाला लाखोरीची डाळ, कोणाला नव्या धानाचे पोहे, काहीच नसलं तर वालाच्या चार शेंगा. एका पाहुणीने त्यांच्या अंगावरच्या लुगड्याचं कौतुक केलं, तर ते धुऊन, घडी करून तिच्या पिशवीत घातलं होतं. मी रागावले. "द्याले काय जाते व," त्या म्हणाल्या, "घेनाऱ्याचा जीव थंडा होते." स्वतःचा जीव कधी थंड न झालेल्या बाईचं हे बोलणं होतं.

त्यांच्या हातांचं मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. चाळिशीनंतर मोठीबाईंच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. चहाचं भांडं दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उतरवत. ऊन चढलं की जरा बरं. मनगटं, गुडघे, सगळंच धरलं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, ज्या दिवसांत सूज जास्त, त्या दिवसांत भेवही जास्त. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो न. नजर लागली का दोनी संगंच येतेत." मग नजर उतरवणं झालं, गंडेदोरे झाले, उपास झाले. बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या पुड्या झाल्या. त्या पुड्यांनी मात्र जादू केली. दोन दिवसांत हात मोकळे. त्या मोसमात मोठीबाईंनी पोरीसोरींच्या बरोबरीने रोवणा केला. पण चेहरा गोल होत गेला, अंगावर जागोजाग काळेनिळे डाग उठायला लागले, आणि झोप होती तीही गेली. भेव तर असं वाढलं की दिवसाढवळ्या दाराला कडी लावून बसायच्या.

शेवटी मी हट्टच धरला. भंडाऱ्याला माझ्या माहेराजवळ एक डॉक्टरबाई बसतात, त्यांच्याकडे न्यायचं. मोठीबाईंनी माझा हट्ट आपल्या पद्धतीने पलीकडे पोचवला, "लहानीले मायेरची आठवन येऊन राहिली, मीही जातो म्हनते तिच्यासंगं." भासरे सोबत आले. दवाखान्यात मात्र बाहेरच्या बाकावर बसले. बायांचं आत काय ते बाया बघतील, असा त्यांचा एकूण विचार.

डॉक्टरबाईंनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, पुडीचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. मग पेन खाली ठेवून विचारलं, "झोप येते का? घाबरल्यासारखं होतं का?" मोठीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी हात पाहिले, पण हे कोणीही विचारलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "होते," त्या म्हणाल्या, "पन हातावर आली होती मी. त्याचं कायले सांगू?"

"त्याचंही सांगायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. शरीरात कुठे सतत सूज असली की तिची खबर मेंदूपर्यंत जाते. मेंदूला ती संकटाची खबर वाटते. दारात वाघ आला की बोटाचं पेर सुजलं, याची तो चौकशी करत बसत नाही. तो संकटाची हार्मोन्स सोडायला लावतो. छाती धडधडते, हात गार पडतात, झोप उडते. थोडा वेळ हे कामाचं असतं. त्यातलं एक हार्मोन तर सूज आवरण्याचंही काम करतं. पण हे वर्षानुवर्षं चाललं, की त्या हार्मोनचं कोणी ऐकेनासं होतं. मग सूजही राहते आणि भीतीही, आणि दोघी एकमेकींना खतपाणी घालतात. "सगळ्यांच्या भीतीचं असंच असतं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "यांच्यात आधी कोण आलं, हेही मला सांगता यायचं नाही. पण दोन्हींवर इलाज करायचा."

आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. पुड्यांमध्ये बहुतेक स्टेरॉइड असणार. म्हणजे शरीर जे हार्मोन स्वतः बनवतं, तसलंच बाहेरून. इतके दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलेलं असतं. म्हणून आता तेच औषध गोळीतून मोजून द्यायचं आणि फार हळूहळू कमी करायचं. "ही पांढरी गोळी एकदम बंद करायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, तर लगेच इकडे आणायचं. जिवावर बेतू शकतं. घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा."

घरी आल्यावर मी मोठीबाईंना म्हटलं, त्यायले नीट सांगा. त्या "हो हो" म्हणाल्या. संध्याकाळी ओसरीतून भासऱ्यांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टरीन?" मी आत कणीक मळत होते, कान तिकडेच. मोठीबाई म्हणाल्या, "चांगलं हाये म्हने. हात सुदरतीन. गोळ्या खाजा म्हने." पुढे काहीच नाही. त्या आत आल्यावर मी डोळे मोठे केले. "जिवाचं सांगितलंच नाही तुमी." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यायले कायले फिकर लावतं व? दिवसभर वावरात मरमर मरते तो मानूस. मी आहो न ध्यान ठेवाले."

त्यात लबाडी नव्हती. जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं होतं, बोलण्यातला काटा काढून टाकला होता. फक्त या वेळी तो काटा म्हणजेच सगळं बोलणं होतं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. दुसऱ्याही काही गोळ्या होत्या, श्वासाचा व्यायाम होता, महिन्याला एक चक्कर होती. हात पूर्ण सरळ झाले नाहीत, पण मूठ वळायला लागली. त्या वर्षी राखीला त्यांनी स्वतः लाडू वळले आणि ताट सगळ्यांना दाखवत फिरल्या. झोप लागायला लागली. चेहऱ्यावरचा फुगवटा उतरला. भेवाबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "येते. पन आता पाहुन्यावानी येते. चा पिते न जाते." मला त्यांचं हे बोलणं फार आवडे. वाटायचं, चला, एवढं तरी जमलं आपल्याला.

मग दिवाळी झाली आणि आमच्या गावची मंडई आली. आमच्या भागात दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई ठरलेली असते. लेकी येतात, जावई येतात, व्याही येतात, व्याह्यांचे पाहुणेही येतात. दुकानं लागतात, पाळणे लागतात, रात्री दंडारीचं नाटक होतं. घरात पाय ठेवायला जागा नसते. कापणी आटोपून धान खळ्यावर पडलेलं, बायांचे गुडघे गेलेले, कमरा धरलेल्या. दुपारी जेवणं आटोपल्यावर ओसरीत बसून एकीने गुडघे चोळले, दुसरीने कंबर दाखवली, आणि तिसरी म्हणाली, "मोठीबाई, तुमचे हात तं मस्तच सुदरले. कोनती गोळी खाता?"

हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी मागच्या अंगणात मोठमोठी पातेली घासत होते. मोठीबाई उठल्या, फळीवरच्या डब्यातली पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या आणि तीळगूळ वाटावा तशा त्यांनी त्या वाटल्या. हिला चार, तिला सहा, एक पाकीट नणंदेच्या सासूला आख्खंच. कोणी पदराच्या टोकाला बांधल्या, कोणी बटव्यात घातल्या. "मले काय," त्या म्हणाल्या, "मी पुन्हा आनीन." आणि आणायला जाणं राहून गेलं. धान विक्रीला न्यायचं होतं. माझे यजमान खरेदी केंद्रावर पोत्यांपाशी मुक्कामाला होते, मुलगा कारखान्यातून रात्रीच परते, आणि आपल्यासाठी कोणाची खोटी व्हावी हे मोठीबाईंना आवडत नसे. दोन-चार दिवसांनी काय होते, असं त्यांनी मनाशी म्हटलं असणार.

पाहुणे गेले आणि भेव परतून आलं. पाहुण्यासारखं नव्हे, आधीसारखं. दिवसभर दाराची चौकट सोडेनात. "जीव जाऊन राहिला व लहाने," म्हणत होत्या. मंडईचं खाणं बाधून पोटही बिघडलेलं. मला वाटलं दगदग झाली, आराम पडेल. त्यांनी गोळी घेतली का, हे मी विचारलं तर त्या मान हलवत. आता आठवलं तर कळतं, ती मान होकाराची की नकाराची, ते त्यांनी मुद्दामच कळू दिलं नव्हतं. दिलेल्या वस्तूबद्दल बोलू नये, असा त्यांचा नेम.

एका सकाळी उलट्या झाल्या आणि त्या बाजेवर पडल्या. भासरे ओसरीत बसून पोती शिवत होते. भिंतीकडे बघून म्हणाले, "तिचं नेहमीचंच हाये. पानी पाजा न निजू द्या." ते मलाच सांगत होते, पण भिंतीला सांगावं तसं. मी पाणी घेऊन गेले. हात धरला तर गार आणि ओला. डोळे अर्धे उघडे. मी विचारलं, "मोठीबाई, भेव लागून राहिलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आता काहीच नाही लागून राहिलं."

इतक्या वर्षांत त्यांना न घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फळीवरचा डबा काढला, तो रिकामा. "गोळ्या कोठी गेल्या, मोठीबाई?"

"पाहुन्यायले देल्या."

"तुमी कधीपासून नाही खाल्ली?"

"मंडईपासून." आणि त्यांनी डोळे मिटले.

मी ओसरीच्या दारापर्यंत धावले आणि सवयीने तोंडातून निघालं, "मोठीबाई, त्यायले सांगा..." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. सांगणारी तर आत पडली होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. दारात मी, ओसरीत भासरे, आणि मध्ये आमच्या सगळ्या वर्षांचं न बोलणं. त्यांना हाक काय मारायची, हेही मला माहीत नव्हतं. मी उंबरा ओलांडला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पदर कुठे होता देव जाणे.

"गाडी बोलवा," मी म्हटलं. "गोळ्या सुटल्या त्यायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, सुटल्या तं जीव जाते. हे सोंग नाही."

भासऱ्यांनी वर पाहिलं. माझा चेहरा त्यांनी असा समोरून पहिल्यांदाच पाहिला असावा. हातात सुतळी ओवलेला दाभण तसाच होता. वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "बोलावतो." आणि अनवाणीच रस्त्यावर गेले.

शेजाऱ्याच्या चारचाकीत मागच्या बाजूला मी मोठीबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. भासरे पुढे. भंडाऱ्याला पोचताच सलाईन, इंजेक्शन, धावपळ. रक्तदाब किती खाली गेला होता, ते नर्सने मोठ्याने सांगितलं आणि डॉक्टरबाई पळतच आल्या. ऊन उतरेपर्यंत मोठीबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "कोंबड्या झाकल्या का?" मी तिथे खाली बसून रडले.

डॉक्टरबाई भासऱ्यांवर संतापल्या होत्या. "इतकं बजावून सांगितलं होतं. तुम्हाला घरात सांगितलं नाही कोणी?"

भासरे म्हणाले, "नाही." एवढंच. आमच्या दोघींपैकी कोणाकडेही त्यांनी पाहिलं नाही. मोठीबाई उशीवरून माझ्याकडे बघत होत्या. चोरी पकडलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं त्यांचं. डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सूज, खबर, हार्मोन, गोळी. भासरे उभ्याने ऐकत राहिले. त्यांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सांगून झाल्यावर मोठीबाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, यायले अजून एक सांगा. मी सोंग नाही करत."

डॉक्टरबाई भासऱ्यांकडे वळल्या. "बीपीचं मशीन बघितलं ना तुम्ही? मशीन सोंग करत नाही. आणि त्याआधी यांना जी भीती वाटायची, तीही इतकीच खरी होती. ती मोजायचं मशीन आमच्याकडे नाही, एवढाच फरक."

भासरे बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले ते हातात चहाचे दोन कप घेऊन. एक माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "घ्या." मी घेतला.

त्यानंतर घरात एक बदल झाला. सकाळी ओसरीतून खाकरण्याचा आवाज यायच्या आधी प्रश्न यायचा, "गोळी झाली का?" तो मोठीबाईंना असे, पण उत्तर माझ्याकडून घेत. त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. मोठीबाई फुरंगटून म्हणत, "आता मले कोन पुसते? तुमी तुमचं बोला." आमचं बोलणं गोळी, गाडी आणि दवाखाना यांच्यापुढे कधी गेलं नाही, पण तेवढं सरळ होत असे. आणि भेव आलं की भासरे बाजेच्या काठावर येऊन बसत. बोलत काहीच नसत. काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पण उठूनही जात नसत. मोठीबाई मला म्हणाल्या, "भेव लागते तसंच लागते व. पन एकटीले नाही लागत."

हिवाळ्याचे दोन मोसम असे गेले. तिसऱ्यात त्यांना ताप आला, खोकला आला. या वेळी नेहमीचंच आहे, असं कोणी म्हटलं नाही. ताप आला त्याच दुपारी नेलं. भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं, तिथेही लगेच नेलं. गोळी एकही चुकली नव्हती. मुलाने कारखान्यातून रजा काढली, माझे यजमान दवाखान्याच्या पायऱ्यांवर झोपले. सगळं जसं करायला हवं होतं तसं केलं. तरी छातीतला संसर्ग आवरला नाही आणि मोठीबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या सुजेने आणि औषधांनी शरीर थकलं होतं. असेल. माणूस खरं बोलतंय हे एकदा घरच्यांना पटलं की सगळं ठीक होतं, असं मला कुठेतरी वाटत होतं. तसं काही नसतं. पटतं आणि तरीही माणूस जातं. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः सकाळी. आज काहीतरी होईल, असं सांगणारं घरात कोणी उरलं नाही.

तेरवीला नात्यातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. मंडईला आलेल्याही होत्या. जेवणं झाल्यावर ओसरीत बसून मोठीबाईंचं कौतुक चाललं, हात किती सढळ, मन किती मोठं. मग एकजण सुस्कारा टाकून म्हणाली, "पन लय भित्री होती बिचारी. भेवानंच गेली." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी पाणी वाढत होते.

भासरे ओसरीच्या टोकाला सुपारीचं ताट घेऊन उभे होते. बायांच्या बोलण्यात त्यांनी आयुष्यात कधी तोंड घातलं नव्हतं. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"भित्री नव्हती," ते म्हणाले. "बिमार होती. मलेच उशिरा समजलं."